हेराल्ड, सुट्या भागांत

विकायची म्हणजे आधी गोळा करायची.
एकोणीस वर्षांत गाडी घरात अशी मुरली
की कुठला भाग तिचा, कुठला आमचा
हे सुगंधाला विचारावं लागतं.

समोरची काच आमसुलांवर.
कावळ्यांना सगळं दिसतं, मिळत नाही काही.
चाकाची टोपी तराजूचं पारडं झाली;
सोडे तोलून तोलून
साऱ्या गाडीत तीच काय ती चकचकीत.
मागची सीट पडवीत, पाहुण्यांना.
डाव्या दिव्याच्या वाटीत कोंबडी खुडूक बसलीय.
तो दिवा यादीत 'आहे' असा लिहायचा,
हातात द्यायचा नाही.

भाच्याने जाहिरात लिहून दिली:
'थोडंच काम बाकी.'
मी ते 'थोडंच' खोडलं.
दर चतुर्थीच्या आधी मी हिला म्हणायचो,
थोडंच राहिलंय, यंदा गणपती हेराल्डमधून आणू.
एकोणीस गणपती
बावकरांच्या रिक्षातून आले,
मांडीवर, पाटासकट.

गंज आधी दाखवायचा.
माडांमध्ये चार चिऱ्यांवर चासी आहे,
तिथे गिऱ्हाइकाला न्यायचं आणि गप्प राहायचं.
खारा वारा वेंगुर्ल्यात कुणाला विचारून खात नाही,
हे बोलून काय मिळणार?
त्याच्याकडे टोचायला स्क्रू-ड्रायव्हर असेलच.
नसला तर आपला द्यायचा.

नटबोल्ट बरण्यांत. चिठ्ठ्या माझ्या अक्षरात,
निम्म्या कसरीने वाचून टाकल्या.
एकीवर फक्त 'इथले' असं लिहिलंय.
इथले म्हणजे कुठले,
ते लिहिताना मला पक्कं ठाऊक होतं.

किमतीचं मात्र जमेना.
माझे रविवार धरले तर लाँच येईल,
न धरले तर मकबूल भंगारवाला.
तो सगळ्यांच्या आधी आला होता, काटा घेऊन.
त्याने एकही खोटा शब्द उच्चारला नाही,
म्हणूनच राग आला.

मग आंबोली उतरून
बेळगावचे अनगोळकर आले, टेंपोसह.
बॉनेट नुसतंच पडवीला टेकवलेलं,
तरी त्यांनी ते दोन्ही हातांनी धरून
पुढच्या बाजूला कलतं केलं,
हेराल्डचं उघडतं तसं.
तिथेच मी पाच हजार कमी केले.
सुगंधा आतून खोकली.

दुपारभर भरत होतो.
ड्रायव्हर इंजिनाला पोत्यात बांधत होता,
सुगंधा पारड्याऐवजी लावायला ताटली शोधत होती.
पाहुण्यांची सीट गेली तशी पडवी
एकदम लांबलचक झाली.

शेवटच्या डब्यात पितळेचा एक तुकडा, मुठीएवढा.
दरवर्षी मी तो रॉकेलने पुसून
पुन्हा कापडात गुंडाळत आलोय.
अनगोळकरांनी उलटासुलटा केला,
फुंकर मारून आरपार पाहिलं.
"हे हेराल्डचं नव्हे बघा, मिस्त्री."
मी म्हटलं, असेल, नीट बघा.
"नव्हेच."

वाद घालता घालता आठवलं.
बबन केळुसकराच्या 'जय सातेरी'चा पंप
त्याच पावसाळ्यात, त्याच बाकावर खोलला होता.
हा त्याचा झडप-तुकडा.
एकोणीस वर्षं बबन
इंजिन तापलं की समुद्रात थांबतो,
बादलीने पाणी ओततो
आणि कंपनीच्या सात पिढ्या काढतो.
मीही काढल्यात त्याच्यासोबत, धक्क्यावर बसून.

टेंपो गेला.
कोंबडीचा दिवा राहिला;
पिल्लं फुटली की कळवा, म्हणाले.
पैसे सुगंधाने मोजले, पुन्हा मोजले,
मग पितळेच्या तुकड्याकडे बघून म्हणाली,
"बबनाक काय सांगशात?"

तेच तर. काय सांगायचं?
थोडंच काम बाकी होतं, म्हणून?