मागचा घाट

खिडकीतल्या मुलीनं विचारलं, "सीनियर सिटिझन का?"
बाबांनी आधार कार्ड पुढं केलं, दोन्ही हातांनी,
कोर्टात कागद देतात तसं.
वीस रुपये. अर्धं तिकीट.
कार्ड आणि तिकीट एकत्रच पाकिटात ठेवत म्हणाले,
"मी तं फुकट येत होतो. मांगून."

दिघोरी नाक्यापासून स्कुटीवर पाऊण तास.
दिवाळी होऊन आठ दिवस झालेले,
उमरेड रोडवर धूळ आणि हिरवट संत्र्यांचे ढीग,
मग एकदम ही कमान: देवबर्डी उद्यान.
मालगुजाराचा जुना बगीचा, बंगला, तलाव.
सकाळी नऊ ते सायंकाळी सहा, गुरुवारी बंद.

फलकावर सगळं लिहिलंय.
बंगला कोणत्या साली, सागवान कुठून आणलं,
कोणत्या साहेबानं इथं बदकं मारली. किती, तेही.
तलाव "खोदण्यात आला", एवढंच.
मी दोनदा वाचलं.
बाबा तोवर पाण्याकडं निघाले होते.

व्हरांड्यात एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढत होतं,
"ताई, हनुवटी थोडी खाली," फोटोवाला ओरडत होता.
गुलाबाचे वाफे, सिमेंटचं एकशिंगी हरीण,
चिंचेखाली डबे उघडून बसलेलं बारा माणसांचं कुटुंब.
मला, खरं सांगते, आवडलं सगळं.
मेयोतल्या सलग तीन नाइट ड्युट्यांनंतर
हिरवं काहीही आवडतं.
बाबांना मी हे सांगितलं नाही.

तलावात हंसाच्या बोटी, लाल चोचींच्या.
बोटीवरच्या पोरानं बाबांना नारंगी जॅकेट चढवलं,
पट्टे आवळले. "आजोबा, पाण्यात हात नका घालू. खोल आहे."
"मंधात दीड पुरुस," बाबा म्हणाले,
"त्या कहूच्या झाडाखाली दोन.
गाळ गुडघाभर. तिकडच्या अंगानं कोमट."
"असं का," म्हणून पोरानं पुढचं जॅकेट उचललं.

मग पायडल मारता मारता, धापा टाकत, तुकड्यातुकड्यानं:
कार्तिकात पाणी दिसायचं नाही, नुसता वेल.
डोंग्यात पालथं पडून वेल उलटवायचा,
शिंगाडा तोडायचा, काटा बोटातच मोडायचा.
हिवाळाभर बोटं काळी.
मास्तर म्हणायचे, आधी हात धुऊन ये.
धुतलेलेच असायचे.
संध्याकाळी घाटावर मोजणी,
सात पोती बंगल्याकडं, तीन ढिवरांकडं.
दिवाणजी चांगला होता,
एखादी ओंजळ पोरांकडं ढकलायचा.
बोट अर्धा गोल फिरली.
"चांगला म्हंजे," बाबा म्हणाले, "ओंजळभर."

घाट त्यांनीच शोधला, टॉयलेटच्या मागं,
बांबूच्या कुंपणापलीकडं.
पाच पायऱ्या होत्या म्हणे, आता तीन दिसतात.
वरच्या दगडात लोखंडी कडी,
आणि कडीला साखळीनं बांधलेला
"मला वापरा" लिहिलेला पेंग्विन, तोंड उघडं,
आत वेफर्सची पाकिटं.
बाबा खाली बसले. पेंग्विनला थोडं सरकवून
कडी एकदा फिरवली. फिरली.
"इथंच बांधो आमी डोंगा."

शिटी वाजली.
"ओ आजोबा! तिकडं जायची परवानगी नाही!"
"माहीत हाय," बाबा म्हणाले,
आणि उठायला मला हात मागितला.

परतताना कॉटन मार्केटजवळ गाडी थांबवायला लावली.
उकडलेले शिंगाडे, अर्धा किलो, वर्तमानपत्रात.
फुटपाथच्या कठड्यावर टेकून
दातानं साल काढत एक खाल्ला, दुसरा खाल्ला.
"याले चव नाही. भंडाऱ्याकडचे असन."
मी म्हटलं, मग राहू द्या.
त्यांनी पुडी माझ्यापासून जरा लांब धरली
आणि सगळे संपवले.