दोन दिव्यांमधली वीत

डोरीनबाईंची गाडी गॅरेजात आली
ती दोरीने बांधून, बिटाच्या ट्रॅक्टरमागून.
तीन चाकं, फायबरचं अंग, रंग जुन्या मोहरीचा,
पुढे नाकाशी दोन दिवे,
इतके जवळजवळ की मी मध्ये वीत ठेवली
तर अंगठा एका काचेवर, करंगळी दुसऱ्या.

विस्बीचबाहेरचे रस्ते पट्टीने आखल्यासारखे.
दोन्ही अंगाला कालवे, कठडा नाही,
झाड नाही, घर नाही,
नजरेने टेकावं असं काहीच नाही.
नोव्हेंबरात साडेचारलाच काळोख,
आणि काळोखात डोळ्यांपाशी माप एकच:
दिवे किती फाकलेत.
चिकटलेले असले, तर गाडी अजून लांब.

लॉरीवाला तेच म्हणाला.
कीरन नाव, मिसरूड नुकतं फुटलेलं,
हातातला चहाचा कागदी पेला चेपलेला.
"मला वाटलं, बरीच लांब आहे."
म्हणून त्याने वळण घेतलं.
डोरीनबाईंनी ब्रेक दाबला, गाडी गरकन फिरली
आणि एक चाक पाण्यावर धरून थांबली.
वय एक्क्याऐंशी. मांडीवरची अंडी मात्र फुटली,
त्याचाच राग जास्त.

हे वाक्य मी आधी ऐकलंय.
इचलकरंजी, सरकारी दवाखान्याचा व्हरांडा,
टेम्पोवाला आईपुढे हात जोडून:
"वैनी, मला वाटलं लांब हाय अजून."
बाबांची लुना, रात्रपाळीवरून सुटलेली.
लुनाचा दिवा मूठ पिळली की उजळायचा,
वेग कमी केला की पिवळा,
थांबली की जवळजवळ नाहीच.
म्हणजे चौकात, जिथे दिसायला हवं,
नेमके तिथेच बाबा विझायचे.
पाय राहिला. गुडघा वाकायचा थांबला.
त्यानंतर रात्रपाळीला ते पांढराच सदरा घालत,
आणि आई रोज सकाळी ग्रीसचे डाग घासताना पुटपुटे,
मागवाल्याला पांढरं परवडतं का कधी?

मी दिवे उतरवले.
जुनी भोकं बुजवली, घासली, पुन्हा घासली.
काठापासून चार बोटं सोडून नवी पाडली.
उंचीवर दुपार गेली:
फार खाली लावले तर रस्ता दिसतो, आपण दिसत नाही,
फार वर लावले तर समोरच्याच्या डोळ्यांत कुसळ.
शेवटी माझ्या मांडीच्या मध्यावर खडूची रेघ मारली
आणि नियमाचं पुस्तक उघडलं. बसत होतं.
क्लाइव्ह, माझा मालक, चहा ढवळत म्हणाला,
"बेडकासारखी दिसतेय आता."
डोरीनबाई म्हणाल्या, "दिसतेय ना?"

संध्याकाळी मी कालव्याच्या रस्त्यावर उभी राहिले.
त्यांना मैलभर पलीकडून यायला सांगितलं.
वारा, कुजलेल्या कोबीचा वास, कुठेतरी पंपाची धडधड.
आधी एकच ठिपका. मग तो फाटला.
मी मनात आकडे धरत होते,
तीनशे यार्ड, दोनशे,
आता शंभर, आता अगदीच
आणि उडी मारून कडेच्या गवतात गेले,
डावा पाय नडगीपर्यंत चिखलात.

डोरीनबाई अजून बऱ्याच लांब होत्या.
त्यांच्या त्यांच्या चालीने आल्या, काच खाली केली,
"एवढ्या लवकर कशाला पळालीस गं पोरी?"

"अंदाज चुकला," मी म्हटलं,
आणि त्यांच्या दिव्यांच्या उजेडात
बूट काढून त्यातलं पाणी रस्त्यावर ओतलं.