बाहेरकाठा

पोयनाडच्या नाक्यावर कुमुदवहिनी आधीच उभी असते,
हँडलला वेलची केळ्यांची पिशवी,
डोक्याला मफलर, मफलरवर हेल्मेट.
"उशीर," एवढंच म्हणते माझी थोरली जाऊ
आणि पायडल मारते.

कोकण म्हणजे चढ, उतार, लाल वळणं,
असं म्हणणाऱ्यांनी खारेपाट पाहिलेला नसतो.
परातीत ओतलेल्या पाण्यासारखी इथली जमीन,
कुठेच कलत नाही.
माझ्या सायकलला एकवीस गियर,
त्यातले अठरा अजून कोरे.

पण वारा आहे.
अकराच्या सुमारास रेवसकडून सुटतो
आणि मग तोच आमचा घाट,
न दिसणारा, माथ्यावर चहाची टपरी नसलेला.
हनुवटी हँडलला टेकवून
वहिनीच्या मागच्या चाकाआड मी लपत जाते.
एका घरात अकरा वर्षं काढली,
तिच्या आडोशाला कधी गेले नव्हते.

डावीकडे तिवरं, चिखलात निवट्यांच्या उड्या,
उजवीकडे कापलेल्या भाताचे खुंट, त्यांत बगळे.
मधे दीड हात मातीवर आम्ही दोघी.
पूर्वी हा काठा अख्खं गाव राखायचं,
जोळ म्हणत त्याला.
उधाणाने खांड पडली की घरटी एक माणूस
मातीचा गोळा घेऊन उभा,
शेजाऱ्याशी भांडण असो, नसो.
आमच्या नवऱ्यांचं बोलणं सात वर्षं बंद आहे.
साडेतीन गुंठे आणि एक विहीर,
जिचं पाणी तसंही मचूळ.

तिसऱ्या उघाडीच्या पुढे काठाच नव्हता.
खाडी सरळ शेतात शिरलेली, शांतपणे,
जणू तिला कुणी बोलावलंच होतं.
पलीकडून थर्माकोलचा तराफा आला,
वर पोशा पाटील, पायाशी बादलीत एक जिताडा.
"कुणाकडच्या?"
वहिनीने गाव सांगितलं, आडनाव गाळलं.
"काय काम काढलंत?"
"काम नाही."
"मंग?"
"असंच. फिरायला."
ते 'असंच' त्याने तंबाखूसारखं गालात धरलं.
मग दोन्ही सायकली तराफ्यावर आडव्या घातल्या,
आम्हाला बाजूला, उकिडवं.
मधल्या पाण्यात वहिनीचं पुढचं चाक
वाऱ्याने आपसूक फिरू लागलं,
कुठेही न जाता.
"पैसे?"
"परततांना द्या. येणारच हाव, पुढं रस्ता नाय."

रस्ता होता, फर्लांगभर.
तेवढ्यात कालवाच्या शिंपेवर माझं मागचं चाक बसलं.
वहिनीने केळ्यांखालून पत्र्याची डबी काढली:
सोल्यूशन, रबराचे तुकडे, घासकागद.
झाकणावर खिळ्याने कोरलेली दोन अक्षरं,
एक तिच्या नवऱ्याचं, एक माझ्या.
दोघांत मिळून एक सायकल होती तेव्हा,
हायस्कूलला जाताना एक दांडीवर, एक सीटवर,
पुलापाशी पाळी बदलायची.
मी डबी पालथी ठेवली.
तिने सुलटी केली.

ट्यूब खाचरात बुडवली,
पाणी गोडं होतं की खारं, कोण चाखून बघतंय.
बुडबुड्यांची बारीक माळ वर आली.
"हे बघ, इथे," म्हणत तिने भोकावर अंगठा दाबला.
मी घासलं, फुंकलं, चिकटवलं,
दोघींनी मनात आकडे मोजले,
आणि वीसला दोघींनी एकदमच हात काढले.
मग केळी खाल्ली. सालं पिशवीत परत.

येताना वारा पाठीशी.
पायडल मारलंच नाही म्हटलं तरी चालेल.
पोशाने दोघींचे वीस रुपये घेतले,
"असंच लोक वाढलं तर इंजिन लावीन म्हणतो."

नाक्यावर ती डावीकडे वळली, मी उजवीकडे.
डबी माझ्याच पिशवीत राहिली,
पुढच्या गुरुवारपर्यंत राहील.
सध्या ओट्यावर आहे, चहाच्या डब्याशेजारी,
झाकण वर.
हे पाचला उठून चहा टाकतात.