कुसुममावशी, देवास

गाडी त्यानं नेली, हप्ते इथेच राहिले.
छत्तीसपैकी पाच भरलेले.
सही माझी होती,
कारण पगाराची चिठ्ठी माझ्याकडे होती
आणि त्याच्याकडे नुसती हौस.

दोन हजार सहाशे चाळीस.
कारखान्यातला पगार भाडं आणि नकुलची फी
यांच्या मधल्या फटीत कुठेतरी संपायचा.
म्हणून रात्री घरी शर्ट आणायचे, बटणं लावायला.
नगाला तीन रुपये, शर्टाला सात बटणं.
रोज तीस शर्ट गाडीचे.
दिवाळीलाही गाडीचे,
ताप असतानाही गाडीचे.
जिच्यावर मी चारदा बसले असेन,
एकदा खजराण्याच्या गणपतीला,
बाकी तीनदा माहेरी, भांडून.

सुई नकुल ओवायचा.
माझे डोळे दहानंतर ऐकत नाहीत.

सात तारीख उलटली की कंपनीचा फोन.
मी तो नंबर ठेवला होता
'कुसुममावशी, देवास' या नावानं.
फोन थरथरला की नकुल नाव वाचायचा,
"मावशी एवढे फोन करते, येत का नाही कधी?"
"गुडघे धरलेत तिचे."
मोबाइल उशीखाली सरकवून
मी पुढचा शर्ट ओढायची.

एकदा फोनवर चलान आलं.
पलासिया चौक, हेल्मेट नाही, पाचशे रुपये.
सोबत फोटो. पाठ त्याची,
ती मी अंधारातही ओळखीन.
मागे कुणी बसलेलं. निळी ओढणी.
मी फोटो मोठा केला, मग आणखी मोठा,
शेवटी नुसते निळे चौकोन उरले.
पाचशे भागिले तीन,
एकशे सदुसष्ट शर्ट.
ओढणीचा हिशेब कशात करायचा, कळलं नाही.

त्यानंतर जवाहर मार्गावर
लाल गाडी दिसली की मी आधी नंबर वाचायची,
आणि सिग्नल सुटून जायचा.

एका श्रावणात नळाला पाणी उशिरा आलं.
बादली घेऊन दारात पोचले
तर नकुल फोनवर.
पलीकडून पुरुषाचा चढलेला आवाज,
मला उंबऱ्यापर्यंत ऐकू येत होता.
आणि हा शांतपणे,
"हो मावशी. आई शर्ट द्यायला गेलीय.
मंगळवारी पैसे मिळतील. हो, नक्की. मंगळवारी."
फोन ठेवला, भूगोलाचं पुस्तक उघडलं.
दहा वर्षांचा.
मी बादली ठेवली.
पाणी हिंदकळून पायावर आलं.
दोघंही काही बोललो नाही.
मंगळवारी पैसे भरले.

काल कागद आला.
सकाळी कचरागाडी गाणं वाजवत गल्लीत शिरली होती,
त्याच गडबडीत पोस्टमन.
नकुलनं मोठ्यानं वाचला,
"सदर वाहनावर आमचा कोणताही बोजा उरलेला नाही."
"म्हणजे गाडी आता पूर्ण आपली?"
"पूर्ण."
"कुठे आहे?"
मी खिळ्यावरची दुसरी किल्ली दाखवली.
बटणांच्या डब्याचं घट्ट झाकण
एवढे दिवस आम्ही तिनंच तर उचकटत होतो.

रात्री तीस शर्ट होतेच गादीवर.
"हे कुणाचे?" त्यानं विचारलं.
मला पटकन सांगता येईना.
त्याचे बूट अंगठ्याशी फाटलेत. पंख्याचा आवाज येतो.
आणि मला, कुणाला सांगू नका,
एक पूर्ण दिवस झोपायचंय.

कुसुममावशीचा नंबर पुसायला घेतला
तर नकुल म्हणाला, राहू दे.
गुडघे बरे झाले तर येईल एखाद वेळी.
आणि सुई ओवून माझ्यापुढे धरली,
हसू दाबत.