छप्पन्न

लीड्सहून कॅलमचं पत्र आलंय: वाग्दत्त वधूचं माप 'पी'.
एवढंच. एक अक्षर.
तिची बहीण बोस्टनहून कळवते, साडेसात.
मी कोष्टकावर नख फिरवते:
दोन्ही आमच्या फोर्ट्सहाइममध्ये छप्पन्न,
मिलिमीटर, आतला घेर.
बोट एकच, बिचारं.

समोर गेर्लिंडे ओट, हातमोजे काढून.
वय एकाहत्तर, लग्न दुसरं.
बाहेर बर्फ; थंडीत बोटं आक्रसतात,
म्हणून आधी चहा. कप दोन्ही हातांत धरू देते,
मग जुडग्यातली मापाची कडी
एकेक चढवून बघते.
चोपन्न सांध्यावरच अडतं.
छप्पन्न अडतं, जरा वळतं, जातं,
आणि खाली पोचलं की गरगर फिरतं.

"सैल होतंय," मी म्हणते,
"आतून सोन्याचे दोन मणी जोडते. जागचं हलणार नाही."

ती अंगठ्यानं कडं ढकलत राहते, गोल, गोल.
"राहू दे फिरतं.
पहिली काढायला साबण लागला होता."

ती गेल्यावर लीड्सला उत्तर लिहायला घेते:
महाशय, माप सकाळी घेतलंत की संध्याकाळी?
आणि सांध्याचं काही
लिहिलेलं नाहीत.