सदतीस टक्के

सोहारमध्ये ऑगस्टात समुद्रही गरम.
सकाळी सहाला पाय घातला तर
कुणाच्या तरी आंघोळीचं पाणी वाटतं.
साडेसातला मी प्रयोगशाळेत,
नाकात स्मेल्टरचा वास,
बोटांवर काळे डाग.

सिल्व्हर नायट्रेट धुऊन जात नाही.
कातडीच जुनी होऊन गळावी लागते.
हुपरीत आण्णांची बोटंही काळीच,
पण ती पॉलिशनं,
आणि त्यांच्या काळेपणातून शेवटी काहीतरी चकचकीत निघायचं.

माझं काम असं:
चांदीचा क्षार पाण्यात विरघळवायचा,
त्यात विकर सोडायचं
(शाळेत आम्ही वहीत 'विकार' लिहायचो,
उगार बाई लाल पेनानं काना खोडायच्या),
मग क्षपणाचं रसायन, थेंबाथेंबानं,
आणि रात्रभर ढवळत ठेवायचं.
चांदी पाण्यातून पुन्हा धातू व्हायला लागते.
कण कणाला बिलगतो
आणि मधे जे तरंगत होतं
ते आतच राहतं.
सकाळी तळाशी राखाडी भुकटी.
आण्णांनी बघितली असती
तर न विचारता मुशीत उलटी केली असती.

पहिली मोजणी: मोकळ्या विकराच्या सदतीस टक्के.
डॉक्टर झुवैना आकड्याकडे बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, दार अरुंद आहे.
ज्यांच्यावर काम करायचं ते रेणू
फटींतून चाचपडत आत येतात, उशिरा येतात,
आणि काही विकरांचं तोंडच भिंतीकडे.
मी वहीत लिहिलं: तोंड भिंतीकडे.
नंतर खोडून शास्त्राच्या भाषेत लिहिलं.

गुरुवारी रात्री तिसऱ्या मजल्याची वीज गेली.
जनरेटरनंही हात वर केले.
शुक्रवार, शनिवार कुणी आलं नाही.
रविवारी फ्रीज उघडला
तर आत बाहेरचाच उन्हाळा.
मोकळं विकर नासलेल्या दुधासारखं
बाटलीच्या बुडाशी,
सहा महिन्यांची मागणी, बर्फात आलेली.
स्टोअरचे कुंजुमोन टब घेऊन उभे.
चांदीचंही टाकू?
म्हटलं, थांबा.

चिमूटभर भुकटी, वर द्रावण.
पाच मिनिटं काही नाही.
कुंजुमोननी टब खाली ठेवला.
नवव्या मिनिटाला
लिंबाच्या सालीइतकं पिवळं,
मग हळदीच्या पाण्याइतकं.
आकडा: चौतीस.
मोकळ्याच्या रकान्यात शून्य,
ते मी दोनदा तपासलं.

रात्री आण्णांना फोनवर सांगितलं.
त्यांनी आधी चांदीचा टंच विचारला.
मग म्हणाले, म्हणजे घुंगरातला खडा.
खडा आधी टाकायचा,
मग दोन वाट्या जुळवून डाक द्यायचा.
तापतो बिचारा,
पण पायात घातल्यावर वाजतो.
तसंच का?
जवळपास तसंच, म्हटलं.
फक्त इथं वाट्या नसतात,
खड्याभोवतीच चांदी वाढते.

मग ते बाहेर कसं काढता?
काढत नाही, आण्णा.
काढायचं तर चांदी आम्लात विरघळवावी लागते
आणि त्या आम्लात तेही संपतं.

पलीकडे कुणीतरी पायल तराजूत टाकली,
तो आवाज मला इथं ऐकू आला.
तुझा व्हिसा कधी संपतो, त्यांनी विचारलं.
मार्चमध्ये. होतो वाढवून.
हं, म्हणाले.

मला माहीत आहे त्यांच्या मनात काय आलं.
मी ते तिथंच सोडलं.
मी काही रेणू नाही,
मला बसची वेळ आहे, दाढदुखी आहे,
आणि माझं तोंड कुठं आहे
ते मी आरशात बघू शकते.

उद्या भुकटी साठ अंशांवर ठेवायची आहे.
मग ऐंशीवर.
तक्त्यात 'किती दिवस' हा रकाना
अजून कोरा आहे.
अंगठ्यावरचा डाग नखाशी पोचलाय,
आठवड्याभरात कापता येईल.