पाणसळ

लिलावात दुसरा कोणी बोली लावेना
म्हणून ही गाडी आमची झाली.
ॲम्ब्युलन्स होती. बॉनेटवरची उलटी अक्षरं
होमराजनं पत्तीनं खरवडून काढली,
तरी सकाळच्या तिरप्या उन्हात दिसतातच
काढलेल्या टाक्यांसारखी.
स्ट्रेचरच्या जागी पलंग,
ऑक्सिजनच्या कप्प्यात तिखटमीठ,
सलाइनच्या हुकाला माझी पिशवी.
चौतीस वर्षं मी मेयोत सिस्टर होते.
रिटायर होऊन पुन्हा ह्याच डब्यात झोपायचं
हे कुठल्या कुंडलीत लिहिलं होतं कोण जाणे.

कोराडीच्या चिमण्या आरशात बुटक्या होत गेल्या.
खापरखेडा, राखेचे ट्रक, मग कपाशी.
जिथं चहाला थांबलो तिथं टपरीवरचे लोक उठून उभे.
"कोन होय जी? घरचं मानूस?"
एकानं तर टोपी काढली.
होमराज खिडकीतून हसून सांगायचा,
कोणी नाही, आम्ही दोघं, फिरायला निघालो.
लोकांना ते मरणापेक्षा अवघड जायचं.

पारशिवनीच्या पुढं एक कच्ची वाट पेंचेत उतरते.
काठाशी, अगदी वाळूवर, त्यानं गाडी लावली,
चाकांखाली चार विटा, आणि खिशातून पाणसळ.
पीडब्ल्यूडीतून तो रिटायर झाला, ती नाही झाली.
बुडबुडा मधोमध येईस्तोवर
मागं-पुढं, मागं-पुढं,
तासभराचं डिझेल जाळलं.
"तुझा डाळीचा गंज सरळ राहील," म्हणाला.
मी बाहेर गोवऱ्यांचा जगरा लावला,
पळसाच्या पानांत पानगे दाबले.
कोजागरी आठ दिवसांवर होती.

तेवढ्यात इस्तारी आला, खांद्यावर जाळं.
गाडीकडं पाहिलं, विटांकडं पाहिलं,
पेशंट कोण, ते विचारलं नाही.
"बाई, गाडी वर घ्या.
नवेगावचं पानी सोडून राह्यले आज रातच्याला."
"भोंगा तर वाजला नाही," होमराज.
"भोंगा गावाले वाजते जी. नदीले नाई ऐकू येत."
होमराजनं पाणसळ पुढं केली, जणू परवानाच.
इस्तारीनं ती डोळ्याशी धरली, हलवली,
बुडबुडा इकडून तिकडं पळाला.
"कोंडलेलं पानी," तो म्हणाला, आणि परत दिली.

वॉर्डात एवढंच शिकले मी:
ओरडतात ते बहुतेक जगतात.
हळू बोलणाऱ्याजवळ आधी जावं.
विटा तिथंच सोडून गाडी वर चढवली,
मोहाखाली, डावीकडं कललेली.
पानगे अर्धे कच्चे.
होमराज न बोलता जेवला.

रात्रभर मी उतारानं त्याच्यावर घसरत राहिले.
दोनदा सावरलं स्वतःला, मग सोडून दिलं.
आमच्या मधली ती जागा
नाइट ड्युट्यांनी ठेवलेली,
पोरं शिकायला गेली तरी तशीच राहिलेली,
एका कललेल्या गाडीनं मोडली.

तीनच्या सुमारास बेडूक एकदम गप्प झाले.
मी सवयीनं उठून बसले, अंधारात मनगट शोधत.
हाताला लागलं ते होमराजचं. जागा होता.
"किती?"
"ब्याऐंशी."
"पाण्याचं विचारतोय."
खाली काहीतरी मोठं, काळं
घाई न करता चाललं होतं.

सकाळी विटा नव्हत्या. जगरा नव्हता.
लाल प्लास्टिकची एक खुर्ची नव्हती.
ती इस्तारीनं दोन वळणं खालून आणली
आणि तिच्यावर स्वतःच बसून चहा मागितला.
होमराज उतरून खाली गेला,
ओल्या वाळूवर पाणसळ ठेवून
बराच वेळ उकिडवा बसला.
"काय म्हणते?" मी वरून हाक मारली.
"बरोब्बर," तो म्हणाला, जरा रागावूनच,
"एकही वीट न लावता."